चि. मुक्तास: गांजा, गोळ्या आणि डॉक्टरांपुढची वही

विश्रामबाग, सांगली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

चिंतेच्या गोळीनं दिवस निघतो, पण रात्र गांजाशिवाय निघत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. तू हे आपणहून सांगितलंस याचं आम्हा दोघांना बरं वाटलं. हे पत्र रागावण्यासाठी नाही. औषधांच्या धंद्यामुळे मला जे ठाऊक आहे आणि मनोविकार वॉर्डातल्या नोकरीमुळे आईला जे ठाऊक आहे, ते तुझ्या कामी यावं एवढाच हेतू. रात्रींविषयीचा भाग तिनं सांगितलेला आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो. गांजानं तुला बरं वाटतं हे खोटं नाही. त्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, कमी मात्रेत ताण उतरवतं. मात्रा जरा वाढली की तेच छातीत धडधड आणि भीती आणतं. शिकागोत ४२ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ७.५ मिलिग्रॅम टीएचसी दिलं त्यांचा ताण कमी झाला, ज्यांना १२.५ दिलं त्यांची अस्वस्थता वाढली. मधलं अंतर फक्त ५ मिलिग्रॅमचं. आता तुझ्या पुडीचा हिशेब कर. माल ५ टक्क्यांचा असेल तर अर्ध्या ग्रॅममध्ये २५ मिलिग्रॅम टीएचसी असतं, १५ टक्क्यांचा असेल तर ७५. प्रयोगात ते कॅप्सूलमधून पोटात गेलं होतं आणि ओढताना बरंचसं जळून वाया जातं, म्हणून हे आकडे एकमेकांशी थेट ताडू नकोस. पण पुडीवर टक्केवारी छापलेली नसते. एका रात्री तोच जॉइंट शांत करतो आणि दुसऱ्या रात्री पॅनिक आणतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता रोज ओढण्याचं. टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या कुलपांसारख्या जागांवर, बसतं. रोज बसू लागलं की मेंदू त्या ग्राहींची संख्या कमी करतो, म्हणून तेवढ्याच आरामासाठी जास्त लागतं. आणि ज्या रात्री मिळत नाही त्या रात्री चिडचिड, घाम, तडफड, झोप नाही. हे सगळं तुझ्या मूळच्या चिंतेसारखंच दिसतं. "बघा, गांजाशिवाय माझा आजार वाढतो" असं वाटतं ते इथं. त्यातला काही भाग आजाराचा असतो, काही भाग गांजा उतरल्याचा. आज रात्रीचा आराम ऊसतोडीच्या उचलीसारखा असतो, पुढच्या दिवसांतून तो वळता होतो. चांगली बाब ही की बंद केल्यावर दोनच दिवसांत हे ग्राही परतू लागतात आणि साधारण चार आठवड्यांत बरेचसे पूर्ववत होतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसलेलं आहे.

नैराश्य, चिंता, आघातानंतरचा त्रास यांवर गांजा औषध म्हणून चालतो का, यावरचे ८३ अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये लॅन्सेट सायकायट्री या वैद्यकीय नियतकालिकात आढावा आला. उपचार म्हणून सुचवावा इतका पुरावा त्यात मिळाला नाही. तुझ्या मोबाइलवर विजया तेलाच्या (विजया म्हणजे भांगच) आणि सीबीडीच्या, म्हणजे गांजातल्याच नशा न आणणाऱ्या रसायनाच्या, जाहिराती येत असतील. सीबीडी अपस्माराच्या काही अवघड प्रकारांवर मान्यताप्राप्त औषध आहे, हे खरं. चिंतेवर अजून पक्कं काही हाती नाही. तुझ्यासाठी त्यात आणखी एक अडचण आहे. सीबीडी यकृतातलं सीवायपी२सी१९ हे विकर अडवतं आणि तुझी रोजची गोळी, एस्सिटालोप्राम, मुख्यतः त्याच वाटेनं शरीराबाहेर जाते. म्हणजे १० मिलिग्रॅमची गोळी घेऊनही रक्तात ती जास्त साठते, आणि ती जास्त झाली की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं तेल जिभेखाली घेऊ नकोस, लेबलवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी.

तुझी शांत करणारी दुसरी गोळी, क्लोनाझेपाम, तिच्यावर गांजा, त्यावर बीअर, हे तिन्ही एका रात्री कधीही नको. तिन्ही गुंगी आणतात आणि एकमेकांचा जोर वाढवतात. ओढल्यानंतर निदान सहा तास स्कूटीला हात लावू नकोस. भांगेचं गणित वेगळं. ओढलेलं काही मिनिटांत चढतं आणि दोन-चार तासांत उतरतं. प्यायलेलं चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि ते सहा-आठ तास टिकतं. अजून काहीच होत नाही म्हणून लोक दुसरा पेला घेतात आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. शिवरात्रीला आणि होळीला कॅज्युअल्टीत येणारे बरेचसे असेच.

थोरल्या काकांचा आजार तुला माहीत आहे. त्याविषयी घरात कुजबुजून बोलतात, मी सरळ लिहितो. स्किझोफ्रेनिया जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल तर गांजाचा धोका तुझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त आहे. स्वीडनमध्ये ४५ हजारांहून जास्त तरुणांची १५ वर्षं नोंद ठेवली. १९८७ साली निष्कर्ष आला की ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. त्यातलं किती गांजामुळे आणि किती मुळातल्या कलामुळे, यावर वाद झाला, तो रास्त आहे. पण २०१९ च्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासातही रोज घेणाऱ्यांत सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका सुमारे तिप्पट निघाला आणि जहाल माल रोज घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. गांजा घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना सायकोसिस होत नाही, हेही तितकंच खरं. पण तुझ्या घरात काका आहेत, म्हणून ही जोखीम मी तुला घेऊ देणार नाही. माझं मत विचारशील तर या पत्रातला सगळ्यात वजनाचा मुद्दा हाच.

आता काय करायचं ते. डॉक्टरांना सांग. "कधी कधी घेते" असं मोघम नको, मात्रेसकट सांग. दोन आठवडे एका वहीत रोज एक ओळ लिही: किती वाजता, किती (पुडी किती दिवस पुरली यावरून अंदाज निघतो), तंबाखू मिसळली की नाही, ओढण्याआधी चिंता दहापैकी किती होती, तासाभरानं किती, झोप कधी लागली, सकाळ कशी गेली. गोळी चुकली असेल तर तेही. डॉक्टरांना गांजा ठाऊक नसेल तर गोळी लागू पडत नाही असं समजून ते मात्रा वाढवतात किंवा गोळी बदलतात. एस्सिटालोप्रामचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुणाला सहा-आठ. मध्ये रोजचा गांजा असला तर गोळीचा गुण किती आणि गांजाचा किती, हे कुणालाच कळत नाही.

हे ऐकून डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती काढून टाक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचारातली माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, अपवाद मोजके आहेत. धोका आहे तो पुडी जवळ बाळगण्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्यात १ किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण धरतात, तरी त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून सूट आहे. रूममेटसाठी पुडी आणून देणं मात्र आजपासून बंद.

थांबवताना एस्सिटालोप्राम किंवा क्लोनाझेपाम गांजाबरोबर बंद करायचं नाही. एस्सिटालोप्राम अचानक सोडलं तर चक्कर आणि डोक्यात झटके, क्लोनाझेपाम अचानक सोडलं तर प्रसंगी फिटसुद्धा. फक्त गांजा कमी करायचा. परीक्षा नसलेला आठवडा धर. दिवसाचा पहिला जॉइंट रोज तासभर पुढे ढकल, मग संख्या कमी कर, शेवटी फक्त रात्रीचा ठेव आणि तोही अर्धा कर. तीन-चार आठवड्यांत शून्यावर यायचं. गावाकडून येणाऱ्या मित्राकडे 'शेवटची' म्हणून साठा करून ठेवू नकोस, साठा असला की रात्री अकराला निर्धार टिकत नाही.

तू तंबाखू मिसळतेस, म्हणून तुझं काम दुहेरी आहे. अर्धी तलफ निकोटीनची असते आणि ती गांजाच्या नावावर लागते. त्यासाठी २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतं. बबलगमसारखं चघळायचं नाही. सावकाश चाव, तिखटसर झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेव, झणझण गेली की पुन्हा चाव, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, नाहीतर निकोटीन शोषलंच जात नाही. आणि धूर बंद झाला की शरीर कॉफी सावकाश उतरवतं, त्यामुळे नेहमीच्याच चार कपांनी हात थरथरतात. लोक ते गांजा सोडल्याचं लक्षण समजतात. कॉफी आधीच निम्मी कर आणि दुपारी दोननंतर बंद.

आईचा निरोप रात्रींविषयी. दुसऱ्या ते सहाव्या रात्रीपर्यंत सगळ्यात कठीण जाईल. भूक मरेल, घाम येईल, झोप तुटेल. स्वप्नं इतकी ठळक आणि घाबरवणारी पडतील की वेड लागतंय असं वाटेल. गांजानं स्वप्नांची झोप दाबून ठेवलेली असते, ती एकदम उसळते. यावर क्लोनाझेपाम आपल्या मनानं वाढवायचं नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरूण सोडून दुसरीकडे बस, मोबाइल दूर ठेव, डोळे जड झाले की परत ये. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रात्र कशीही गेली तरी. जेवण जात नसेल तर दर तीन तासांनी थोडं थोडं घे, ताक-भात, मुगाची खिचडी, केळं. बहुतेक त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, झोपेला थोडा जास्त वेळ लागतो.

काही गोष्टी घडल्या तर मात्र वाट बघायची नाही. कुणी नसताना आवाज आले, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं पक्कं वाटू लागलं, दोन-तीन रात्री झोप न होताही अंगात विलक्षण जोर आला, किंवा जगू नये असं मनात आलं, तर त्याच तासाला कॅज्युअल्टी आणि आम्हाला फोन. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपणच थांबवणं जमलं नाही तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. घरी यावंसं वाटलं तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, साताऱ्यात परिवर्तन ही व्यसनमुक्तीची संस्था आहे. कुठं जायचं ते तू ठरव, सोबत आम्ही येऊ.

पुढच्या भेटीला जाताना वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुनी चिठ्ठी बरोबर घे. काकांच्या आजाराचं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांग. गोळ्या किती उरल्यात ते मला कळव, संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी घ्यायला हवी. वही आम्हाला दाखवायची नाही, ती तुझी आणि डॉक्टरांची.

तुझे,
बाबा आणि आई