आई, साखळी गळ्यातच आहे

रविवार, 25 मे 2025

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आईला रडू फुटलं आणि बाबांनी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून कामात जीव लागत नाहीये. फोनवर मला धड सांगता येत नाही, मध्येच माझाही आवाज जातो. म्हणून लिहायला बसले.

वॉशिंग्टनची बातमी तुम्ही टीव्हीवर बघितलीत. ज्यू म्युझियमच्या दारात बुधवारी रात्री दोघांना गोळ्या घातल्या. इस्राएलच्या वकिलातीत कामाला होते दोघं, लग्न करणार होते. मी अमेरिकेत असले तरी तिथून खूप लांब आहे हे तुम्हाला दहा वेळा सांगून झालं. पण ते दोघं माझ्याच वयाच्या आसपासचे होते, आणि ती रात्र मीही जागूनच काढली. तेव्हा आईने जो धोशा लावलाय, "गळ्यातलं ज्यू चिन्ह काढून ठेव", तो मला कळत नाही असं नाही.

खरं सांगू? ते मी एकदा काढून ठेवलं होतं. तुम्हाला बोलले नव्हते.

2023 च्या ऑक्टोबरात. इथे पीएचडीला येऊन मला दोनच महिने झाले होते. 7 तारखेला हमासने इस्राएलवर हल्ला केला, तेव्हा तिथल्या डिमोनाहून मावशीचा "आम्ही ठीक आहोत" असा निरोप येईपर्यंत आपण तिघं कसे होतो, आठवतं ना. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं नेहमीसारखे लायब्ररीत अभ्यासाला बसलो. त्यातल्या एकाने माझ्या गळ्यातल्या साखळीतला आजीचा मागेन डेविड, ती सहा टोकांची चांदणी, बघितला आणि वही मिटून विचारलं, "आधी हे सांग, तू झायोनिस्ट आहेस का?" म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं म्हणणारी. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पण ते "आधी" माझ्या कानात राहिलं. मी म्हटलं, माझी मावशी तिथे राहते, म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. कोणी काही बोललं नाही. सोमवारी ते तिघं दुसऱ्या टेबलावर बसले होते.

महिना संपता संपता कॉर्नेल विद्यापीठात ज्यू मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये गोळीबार करीन अशी धमकी इंटरनेटवर आली. देणारा तिथलाच विद्यार्थी निघाला, पुढे त्याला 21 महिन्यांची शिक्षा झाली. ते वाचलं त्या रात्री मी साखळी काढली आणि आईने दिलेल्या लवंगांच्या डबीत ठेवली. तीन आठवडे ती तिथेच होती.

ती परत घातली त्याचं कारण शेजारच्या खोलीतली मुलगी. एका सकाळी दार उघडून बघते तर ती कॉरिडॉरमध्ये उभी, हातात फोन. तिच्या चौकटीवरचा मेझुझा, आपण ज्यू दारावर लावतो ती धर्मग्रंथातल्या ओळींची छोटी नळी, कोणीतरी उपटून नेला होता. रंगावर बोटभर लांबीचा स्वच्छ पट्टा, वर एक भोक, खालच्या भोकात वाकडा झालेला स्क्रू लोंबत होता. तक्रारीला फोटो लागतो म्हणून ती फोटो काढत होती. रडत नव्हती. बाबा, तुम्ही चपला सरकवता सरकवता मेझुझाला बोटं लावून ओठांना लावता ना, तसा माझा हात आपोआप त्या रिकाम्या जागेवर गेला आणि बोटं ओठांवर आली. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाली.

त्या शुक्रवारी ती मला हिलेलला घेऊन गेली. ज्यू विद्यार्थ्यांची ही जागा जवळजवळ सगळ्या मोठ्या विद्यापीठांत असते. पहिली 1923 मध्ये इलिनॉय विद्यापीठात निघाली. आमच्या इथल्या हिलेलच्या दारात पोलीस असतो, पिशव्या तपासूनच आत सोडतात. आजीबरोबर अलिबागच्या सिनेगॉगमध्ये जायचे तेव्हा दारात फक्त चपलांची गर्दी असायची, तिची मला त्या रात्री फार आठवण आली. आत मात्र पन्नास-साठ जण टेबलावर हात आपटत गात होते. गाण्याची चाल आपली नव्हती, पण शब्द आपलेच होते.

आणि तिथेही एकाने विचारलं, "तू ज्यू दिसत नाहीस, आई ज्यू आहे का?" वाईट हेतू नव्हता त्याचा. पण मला आजीचे मामा आठवले. आपल्या बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, ज्यूपण पूर्ण आहे की नाही, लग्न लावायचं की नाही, असा वाद इस्राएलच्या रब्बींनी, तिथल्या धर्मगुरूंनी, घातला होता. 1964 मध्ये त्यांच्यासारखी आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे तो मिटला. मी त्याला सगळं सांगितलं. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. गावाने एवढ्यावर आपल्याला शेकडो वर्षं सांभाळलं, दाखला कोणी मागितला नाही. तो जेवण विसरून ऐकत होता. घरी येऊन मी डबी उघडली. साखळीला अजून लवंगेचा वास येतो.

शेजारणीने नंतर सांगितलं, तिच्या पणजोबांच्या काळात कॉलेजं ज्यू पोरांची संख्याच कमी करायला बघायची. 1922 मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षांनी तसा कोटा उघड सुचवला होता.

बाबा, तुम्ही विचारलंत, ते गाझासाठी विद्यापीठांत तंबू ठोकून बसलेले सगळे आपले वैरी का? नाही. मागच्या वर्षी आमच्या आवारातही तंबू होते. मी रोज त्यांच्यावरून जायचे. त्यात ज्यू मुलंही होती. कोलंबिया विद्यापीठात तर पेसाहचा सेदेर, त्या सणाचं विधीचं जेवण, तंबूतच झाला. गाझातली लहान मुलं बघून माझ्याही पोटात कालवतं, आणि ते सांगण्यासाठी मला गळ्यातलं उतरवावं लागत नाही. नेतान्याहूंना कोणी कितीही बोलू दे. पण मला शेजारी बसू देण्याआधी माझ्याकडून शपथ घ्यायची, एका पोरीच्या दारावरचा मेझुझा उपटायचा, यातून गाझातल्या कोणाच्या पोटात घास जातो? तिथे मला राग येतो, आणि तो मी आता गिळत नाही.

दुसरीही एक गोष्ट छातीवर बसली आहे. इथलं सरकार म्हणतं, ज्यू विद्यार्थ्यांच्या रक्षणासाठी करतोय. मार्चमध्ये कोलंबियाचे 40 कोटी डॉलर रोखले. तिथली एक भारतीय विद्यार्थिनी व्हिसा रद्द झाल्यावर कॅनडाला निघून गेली. गुरुवारी हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा हक्कच काढला, शुक्रवारी कोर्टाने ते थांबवलं. माझ्या नावाने हे चाललंय आणि माझाच व्हिसा माझ्या उशाशी धाकधूक करत पडलेला असतो. असं रक्षण मी मागितलं नव्हतं. दारातला पोलीस हवा, तक्रार केली तर ती कोणीतरी नीट वाचायला हवी, एवढंच मागितलं होतं. मेझुझाच्या तक्रारीला आजवर उत्तर आलेलं नाही.

आई, रात्री एकटी फिरत नाही. हिलेलहून परतताना आम्ही तिघी-चौघी मिळून येतो. दर शुक्रवारी जाते. मागच्या महिन्यात मी तिथे आपला नवसाचा मलिदा केला. पोहे जाडच मिळाले, खोबरं फ्रीजरमधलं, गूळ भारतीय दुकानातला. एलियाहू हनाबीचं, आपल्या त्या प्रेषिताचं, नाव घेऊन ताट उचललं तेव्हा शेजारणीने विचारलं, याला ज्यू लोक काय म्हणतात? मी म्हटलं, मलिदा.

माझ्यासाठी तू नवस बोलली आहेस, हे बाबांनी मला सांगितलं. "पोरगी सुखरूप परत येऊ दे." त्यात एक शब्द घाल ना. पीएचडी पुरी करून येऊ दे, असं बोल. मग अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हनाबीच्या जागी, नवस फेडायला आपण तिघं जाऊ, आणि नारळ मी खोवीन.

तुमची,
मोठी