लसीच्या दिवशी बाळाची मानही पाहा

महोदय,

लसीकरणाला आणलेल्या बाळाचे वजन होते, लस टोचली जाते, कार्डावर तारीख पडते. त्याच माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्यासाठी दोन मिनिटे पुरतात.

१४ आठवड्यांच्या लसीला बाळाला उताणे ठेवून दोन्ही मनगटे धरून सावकाश उठवावे. चौथ्या महिन्यात मान अंगाबरोबर यायला लागते. चार महिने पूर्ण झाल्यावरही ती पार मागे लोंबत राहिली, तर तज्ज्ञांना दाखवायला हवे. उलट, बसते होण्याऐवजी बाळ काठीसारखे ताठ उभे राहत असेल, पायांची कात्री होत असेल, तर तेही तितकेच काळजीचे. अशा बाळाचे घरात कौतुक होते, ‘दीड महिन्यात पालथा पडला’ म्हणून! पण त्यामागचे कारण स्नायूंचा ताठपणा असू शकते. तीन महिन्यांनंतरही अंगठा आत घेऊन मुठी घट्ट राहत असतील, किंवा वर्षाच्या आत बाळ एकच हात पुढे करत असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून सोडू नये. दुसऱ्या हाताची ताकद तपासावी.

गोवर-रुबेलाच्या लसीला, म्हणजे नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाळ आधाराशिवाय बसते का, खुळखुळा या हातातून त्या हातात घेते का, हे पाहावे. काही बाळे न रांगताच चालतात, बाकी सारे ठीक असेल तर त्याची चिंता नको. १८ महिन्यांनंतरही चालत नसेल तर मात्र ‘याचे बाबाही उशिराच चालले’ हे उत्तर पुरेसे नाही. आलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवावे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत वजावट करून धरतात. ३२ आठवड्यांत जन्मलेले बाळ ८ आठवडे आधी आलेले असते, म्हणून सहा महिन्यांचे झाले की टप्पे चार महिन्यांचे पाहायचे. लस मात्र जन्मतारखेनेच.

आणि बैठा वॉकर घेऊ नका. त्यात बाळ पायांच्या चवड्यांवर ढकलत फिरते, तोल सांभाळायला शिकत नाही, शिवाय पायऱ्यांवरून पडते.

सविस्तर मोजमापाची साधने आपल्याकडे आहेत. भारतीय बाळांसाठीची ‘डासी’ चाचणी तर १९९७ मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध झाली. पण तिला वेळ आणि प्रशिक्षित माणूस लागतो, त्यामुळे आधी चाळणी हवी. महापालिकेने लसीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: टप्पा गाठला की खूण, नाही तर त्याच दिवशी बालविकास तपासणीची चिठ्ठी.

— बालविकास उपचार क्षेत्रातील कार्यकर्ते, पुणे