पाणकणीस पावसाळ्यात कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तलावांची साफसफाई निघाली की जलपर्णीबरोबर काठचे पाणकणीसही (तपकिरी कणसांचे उंच पाणगवत) सरसकट उपटले जाते. जलपर्णी तरंगते, खालच्या पाण्याचा उजेड आणि हवा तोडते. ती काढायलाच हवी. पाणकणीस मात्र चिखलात मुळे रोवून उभे असते आणि त्यातच पिवळा तापस घरटे करतो, तेही ऐन जून ते सप्टेंबरमध्ये.

बगळ्यांच्या कुळातला हा चिमुकला पक्षी ढोकरीपेक्षाही लहान असतो. एका पायात एक दांडा, दुसऱ्या पायात दुसरा पकडून तो पाण्यावर ओणवा होतो आणि मासोळ्या, बेडूक, पाणकिडे टिपतो. चाहूल लागली तरी सहसा उडत नाही. चोच आभाळाकडे करून मान ताणतो, की गळ्यावरच्या उभ्या रेघा सुकल्या पात्यांत मिसळून जातात. त्यामुळे काठावरून नजर टाकून ‘इथे पक्षी नाहीत’ असे ठरवणे चूकच. उडाला तर पिवळट अंगाला काळे पंख लगेच ओळखू येतात.

पाती वाकवून पाण्यावर केलेल्या घरट्यात बहुधा ४ ते ६ अंडी असतात. नर-मादी दोघेही ती जवळपास तीन आठवडे उबवतात. पिल्ले दांड्यांवर चढू लागली तरी त्यांना लगेच उडता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कापणी झाली तर ती वाचत नाहीत.

कापायचेच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, एका वर्षी एक-तृतीयांश पट्टाच, आणि पाण्याच्या वर वीतभर बुंधा ठेवून. पाण्याखाली कापल्यास पोकळ दांड्यात पाणी शिरते, चिखलातल्या मूळखोडाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. उरलेला पट्टा पाण्यात उभा असलेलाच हवा. कोरड्यावरच्या घरट्यापर्यंत उंदीर-मांजरे सहज पोहोचतात. गेल्या वर्षीचे वाळके दांडेही राहू द्यावेत.

पाणकणसात डास वाढतात, अशी भीती घातली जाते. पण मुंबईत हिवताप पसरवणारा अॅनोफिलीस स्टेफेन्साय वाढतो तो इमारतींच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावर साचलेल्या पाण्यात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणे शिकारीच्या व्याख्येतच येते. तेव्हा मुंबईतला पवई तलाव असो वा लोखंडवाला तलाव, कापणीचा महिना, पट्ट्याची हद्द आणि बुंध्याची उंची या तीन गोष्टी निविदेतच लिहिल्या जाव्यात, ही विनंती.

– एक पक्षीनिरीक्षक, मुलुंड