सर्टिफिकेट येईपर्यंत पोरीने काय करायचं?

मा. संपादक,
स. न.

दरवर्षी 2 एप्रिलला पेपरात ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) लेख येतात आणि सोबत चार-पाच वर्षांच्या गोड मुलाचा फोटो असतो. 14 वर्षांची, नीट बोलणारी, आठवीपर्यंत बऱ्यापैकी मार्क मिळवलेली मुलगी त्या लेखांत कधी दिसत नाही, म्हणून हे पत्र.

माझी भाची नववीत आहे आणि जूनपासून तिची शाळा बंद पडल्यात जमा आहे. सकाळी युनिफॉर्म घालते, बूट घालते, दाराशी आली की पोटात ढवळायला लागतं आणि खरोखरची उलटी होते. रविवारी यातलं काही होत नाही, त्यामुळे नातेवाईकांचं निदान तयारच आहे, 'नाटकं आहेत, दोन ठेवून द्या'. अहो नाटकं करणारं पोर घरी राहिलं की मजा तरी करतं, ही दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडलेली असते आणि संध्याकाळी मैत्रिणीला मेसेज करून विचारते आज कुठला धडा झाला. शाळेत होतं काय हे तिने तोंडाने सांगितलंच नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. प्रार्थनेचा लाउडस्पीकर, मधल्या सुट्टीतला गोंगाट, पावसात ओले झालेले मोजे दिवसभर पायात, आणि मॅडम अचानक 'उठ, वाच' म्हणतात ते. आठवीपर्यंत तिने हे सगळं कसंबसं रेटलं, यंदा तुकडी बदलली, एकुलती एक मैत्रीण दुसरीकडे गेली आणि तिथून घसरण सुरू झाली. याच पोरीला एसटी स्टँडवर उभी करा, नंबर बघून गाडी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधे बनलेली की चिकलठाण्याच्या की हिंगण्याच्या ते सांगते, तेव्हा आवाज कसा खणखणीत असतो.

डॉक्टर म्हणाले ऑटिझम असू शकतो, नीट तपासणी करून घ्या. बोलत्या, हुशार मुलींचं हे फार उशिरा लक्षात येतं म्हणे, कारण त्या बाकीच्यांचं बघून बघून सगळं निभावून नेतात. बरं, तपासणीची तारीख मिळायलाच काही महिने. आणि शाळा म्हणते दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा मग बघू, तोवर हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर आमच्या हातात काही नाही. वर सल्ला काय, तर दाखला काढा आणि दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्या. 17 नंबर वाईट आहे असं मी म्हणत नाही, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे, तिथे रोजची हजेरी नसते आणि 5 वर्षांत 9 वेळा परीक्षा देता येते, काही मुलांना तेच मानवतं. पण ते शेवटी बघायचं ना, पहिल्याच मीटिंगमधे दाराकडे बोट कशाला?

माझं म्हणणं एवढंच आहे की मदत संशयावर सुरू व्हावी, सर्टिफिकेटवर नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणाला वगैरे आहे. शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची हे कलम 16 सांगतं, तिथे 40 टक्के कुठेही लिहिलेलं नाही. आणि कलम 17 प्रमाणे शाळेतल्या मुलांचा दर 5 वर्षांनी सर्व्हे करून अशी मुलं शोधायची आहेत, म्हणजे शोधायचं काम सरकारचं, आणि इथे आई रजा टाकून फायली घेऊन फिरतेय. बोर्डाच्या परीक्षेत वेळ वाढवून हवा, लेखनिक हवा तर प्रमाणपत्र मागा, ते बरोबरच आहे. पण प्रार्थना झाल्यावर वर्गात येऊ दे, दाराजवळचा बाक दे, याला सिव्हिल सर्जनची सही कशाला लागते?

खोटं कशाला सांगू, शाळेतल्या लायब्ररीच्या बाईंनी कुणाला न विचारता थोडं केलंय. प्रार्थना संपली की मागच्या गेटने ये, आधी माझ्याकडे बस, मग जमतील तेवढे तास कर. आता आठवड्यातले दोन-तीन दिवस ती दोन तासिका करून येते. बाकी दिवस अजून उलटी आहेच, जादू वगैरे काही झालेली नाही. पण वर्गशिक्षिका त्या दिवशीही गैरहजेरीच मांडतात, कारण पूर्ण दिवस नाही भरला! मग पोरीने यायचं तरी कशासाठी?

कुणी म्हणेल पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. करता येते, माहितीये. पण तिला याच शाळेत दहावी करायची आहे आणि तक्रार केल्यावर स्टाफरूममधे काय वातावरण होतं हे मला वेगळं सांगायला नको, मी स्वतः पंधराएक वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे.

सहामाही जवळ आलीय. तोंडी परीक्षा वर्गासमोर न घेता एकटीची घ्या किंवा लिहून घ्या असा अर्ज ताईने दिलाय, तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून आहे. शाळेचीच परीक्षा आहे, बोर्डाला विचारायचीही गरज नाही.

एक मावशी, जि. सातारा