‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या आयसीयूचे रजिस्टर उघडले, तर शेवटच्या रकान्यात ‘बरा होऊन घरी’, ‘दुसरीकडे हलवला’ आणि ‘मृत्यू’ यांच्या जोडीला ‘डामा’ हा शेरा दिसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेले, असा त्याचा अर्थ. यातले काहीजण खर्च झेपत नाही म्हणून सरकारी रुग्णालयात जातात, काहीजण दुसऱ्या डॉक्टरांकडे. हे पत्र त्यांच्याबद्दल नाही. मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला किंवा शेवटच्या टप्प्यातला कर्करोग असलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण यातून बाहेर येणार नाही, हे डॉक्टरांना कळलेले असते आणि त्यांनी ते घरच्यांना सांगितलेलेही असते. घरचे म्हणतात, मग आता त्यांचे हाल नकोत. इथवर सगळ्यांचे एकमत. तरीही कागदावर येते ते असे, की डॉक्टर नको म्हणत असताना नातेवाइकांनी हट्टाने नेले. हे खोटे आहे, हे सही घेणाऱ्यालाही माहीत असते आणि करणाऱ्यालाही.

पुढचे चित्र ठरलेले. घशात नळी, अँब्युबॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) अँब्युलन्समधल्या पोऱ्याच्या हातात, घोडबंदर रोडवर गाडी अडकलेली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. घरी पलंगावर ठेवले की बॅग थांबते आणि नळी कुणीतरी ओढून काढते. झोपेचे औषध रुग्णालयातून निघतानाच बंद झालेले, वेदना आणि धाप शमवणारे मॉर्फिन सोबत दिलेले नाही, घशातला स्राव ओढायला सक्शन नाही. मग दहा मिनिटे असोत की दहा तास, माणूस धापा टाकत जातो.

मृत्यूनंतर दाखल्याचा प्रश्न येतो. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये मिळतो, घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये, आणि तो आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. गल्लीतल्या डॉक्टरने रुग्णाला महिनाभर पाहिलेले नसते, तो का म्हणून सही करील? स्मशानभूमीत तर कागदाशिवाय पान हलत नाही. म्हणून घरी नेणे अटळच असेल, तर डिस्चार्ज कार्डावर मूळ आजार, त्याचा टप्पा आणि शेवटची तपासणी स्वच्छ लिहून घ्यावी आणि फॅमिली डॉक्टरला आधीच कळवून ठेवावे. अपघातासारखी, पोलिसांत नोंद होणारी एमएलसी केस असेल, तर हाही मार्ग नाही: घरी मृत्यू झाला तरी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन होणारच. डामाची सही घेताना हे घरच्यांना सांगितले जात नाही.

हे सगळे करायचे कारण विचारले की उत्तर येते, ‘कायद्यात बसत नाही.’ ते आता खरे राहिलेले नाही. अरुणा शानबाग प्रकरणातल्या ७ मार्च २०११ च्या निकालाने उपचार थांबवण्याची वाट उघडली, पण तिथे उच्च न्यायालयाची परवानगी लागत होती. ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरला, मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी बोर्ड नेमायचे, न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहायचे अशी प्रक्रिया इतकी लांबलचक ठेवली की ती प्रत्यक्षात चाललीच नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुटसुटीत झाली आणि आज तीच लागू आहे.

शुद्धीवर असलेला, समजून निर्णय घेऊ शकणारा रुग्ण उपचार नाकारू शकतो. त्यासाठी बोर्डाची गरज नाही. खालची प्रक्रिया आहे ती स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांसाठी. उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षे अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ मिळून प्रायमरी बोर्ड होते. आजार असाध्य आहे आणि उपचारांनी मरण फक्त लांबते आहे असे त्यांचे मत झाले आणि घरच्यांनी लेखी संमती दिली, की रुग्णालय सेकंडरी बोर्ड बसवते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या बोर्डात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचे. मग निर्णय अमलात आणण्यापूर्वी रुग्णालयाने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे. कळवायचे, परवानगी मागायची नाही. इथे रुग्णालयांचे कायदा सल्लागारसुद्धा हमखास गडबडतात. बोर्डाने नकार दिला तरच उच्च न्यायालय.

गाडी अडते ती सेकंडरी बोर्डाच्या त्या एका बाहेरच्या डॉक्टरपाशी. ‘जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी’ या नावाचे पदच महाराष्ट्रात नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आहेत, जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत, महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी आहेत. पत्र कुणाच्या नावाने काढायचे यातच दोन दिवस जातात. आपल्या भागात यावर आणखी एक गुंता आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर पुढच्याच स्टेशनवरचे खारघर रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महापालिकेत. नेरूळचा रुग्ण खारघरच्या रुग्णालयात असेल, तर बोर्डावरचा डॉक्टर रायगडमधून यायचा आणि रुग्णाचे वैद्यकीय इच्छापत्र (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मात्र नवी मुंबई महापालिकेच्या दप्तरी. शनिवारी संध्याकाळी अशी केस उभी राहिली की सगळे हात वर करतात आणि डामाचा फॉर्म पुढे येतो.

कर्नाटकाने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात यावर साधा तोडगा काढला: अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मेंदूमृत्यू प्रमाणित करायला ज्या डॉक्टरांना आधीच मान्यता आहे, तेच सेकंडरी बोर्डासाठी नेमलेले समजायचे. असे मान्यताप्राप्त डॉक्टर ठाण्यातही आहेत आणि नवी मुंबईतही. नवे पद नको, नवा खर्च नको.

कायदेशीर मार्गाने गेल्यावर आयसीयूत काय वेगळे घडते, तेही लोकांना कळायला हवे. व्हेंटिलेटर काढणे म्हणजे ‘प्लग काढणे’ ही सिनेमातली कल्पना. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल तर ते आधी बंद करून त्याचा परिणाम पूर्ण उतरेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर रुग्णाला धाप लागली आहे की नाही हे दिसणारच नाही. नळीतून जाणारे अन्न काही तास आधी थांबवतात. मॉनिटरचे अलार्म मुके करतात. मग शिरेतून मॉर्फिन २ ते ५ मिलिग्रॅम आणि मिडाझोलाम (झोपेचे औषध) १-२ मिलिग्रॅम, ज्यांना ही औषधे आधीपासून चालू आहेत त्यांना त्या हिशेबाने जास्त; घरघर होऊ नये म्हणून ग्लायकोपायरोलेट. ऑक्सिजनचे प्रमाण हवेइतके, म्हणजे २१ टक्क्यांवर आणतात, यंत्राचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि प्रत्येक टप्प्यावर कपाळाच्या आठ्या, श्वासाची गती, नाकपुड्यांची हालचाल बघून औषध वाढवतात. नळी निघते ती या सगळ्यानंतर. घरची माणसे उशापायथ्याशी असतात. त्यानंतर मृत्यू काही मिनिटांत येतो, कधी एक-दोन दिवसही लागतात, आणि हे आधी सांगितलेले असावे. यातली एकही पायरी अँब्युलन्समध्ये होऊ शकत नाही.

डामाचा दुसरा बळी आहे वैद्यकीय संशोधन, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. डामा झालेला रुग्ण नोंदीत ‘जिवंत बाहेर पडला’ म्हणून जातो, मरतो त्याच रात्री. त्यामुळे आयसीयूचा मृत्युदर आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि डामा जास्त करणारे रुग्णालय कागदावर जास्त चांगले ठरते. गंभीर आजारांवरच्या कितीतरी औषध-चाचण्यांमध्ये ‘२८ दिवसांत किती दगावले’ हाच मुख्य निकष असतो. डामा झालेल्या रुग्णाच्या घरी २८ व्या दिवशी फोन केलाच नाही, तर त्याचा निकाल ‘माहीत नाही’. अशा गळलेल्या नोंदी औषधाच्या दोन्ही गटांत सारख्या पडल्या तरी आकडा चुकतो, कमी-जास्त पडल्या तर निष्कर्षच उलटू शकतो. त्यात घरच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिलेले असते. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. कारण म्हणजे ती ज्यामुळे बंद पडली तो आजार. आयसीयूंनी डामाचा वेगळा रकाना ठेवून २८ व्या दिवशी एक फोन करावा, एवढे कुठल्याही रुग्णालयाला जमण्यासारखे आहे.

चाचणीत भाग घेण्याबद्दलही दोन शब्द. खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ असल्याने कर्करोगाच्या चाचण्या आपल्या भागाला नव्या नाहीत, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला नवे औषध म्हणजे नवी आशा वाटते. पहिल्या टप्प्यातली चाचणी बहुधा किती डोस सोसतो हे शोधायला असते, रुग्ण बरा करायला नसते. संमतीपत्रात हे मराठीत लिहिलेले आहे का ते पाहावे. सीटीआरआयचा (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा; संमतीपत्रावर नैतिकता समितीचा संपर्क आणि कधीही बाहेर पडण्याचा हक्क असलाच पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई मिळते. तिचे सूत्र असे: ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. पासष्टीपुढच्या माणसाचा वयाचा गुणक ९९.३७ च आहे, म्हणजे तो कटतो. जोखमीचा गुणक निरोगी स्वयंसेवकाला ४, सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची अपेक्षा नसलेल्याला ०.५. म्हणजे पहिल्याला ३२ लाख, दुसऱ्याला ४ लाख. आणि ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त असेल तर सरसकट २ लाख. उरलेल्या आयुष्याचा असा दर लावणे आम्हाला पटत नाही, पण नियम आज असा आहे आणि सही करण्यापूर्वी तो माहीत असावा. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: चाचणीबरोबर उपशामक, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे, उपचार चालू राहणार का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले आणि तरीही ते जास्त जगले: मध्यक ११.६ महिने, इतरांचे ८.९.

घरी मॉर्फिन देण्याची भीती तर डॉक्टरांनाच जास्त. अंमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येते. वृद्धांना तोंडाने २.५ ते ५ मिलिग्रॅमपासून, दर चार तासांनी, आणि पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचे औषध. ते विसरले की बद्धकोष्ठतेने रुग्ण हैराण होतो आणि खापर मॉर्फिनवर फुटते. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिन शरीरात साचते, तिथे फेंटानिल बरे. गिळता येईनासे झाले की दंडावर त्वचेखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवून तीच औषधे देता येतात, सलाइन लागत नाही. तोंडात तुळशीपत्र जरूर ठेवावे, ओल्या कापसाने ओठ पुसावेत. चमच्याने पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

हे सगळे सोपे करणारा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. दोन साक्षीदार, शक्यतो घरचे नकोत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही, एवढे पुरे. ‘मला व्हेंटिलेटर नको’ असे मोघम लिहिलेले इच्छापत्र मात्र कामाचे नाही. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी जातो. ‘आजार बरा होणार नाही असे दोन्ही बोर्डांचे मत झाल्यास’ ही अट घालून मग व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणे, नळीने अन्न यांपैकी काय नको ते एकेक लिहावे. मन बदलल्यास ते केव्हाही लेखी रद्द करता येते, हेही त्यात नमूद हवे. संमती देणारे किमान दोघे नेमावेत आणि त्यातला एक तरी इथे राहणारा असावा. दोन्ही मुले न्यू जर्सीत असतील तर सही कोण करणार? प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. ती नेमलेल्या व्यक्तींकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि महापालिकेच्या कस्टोडियनकडे, म्हणजे इच्छापत्रे जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते.

हे कस्टोडियन मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात नेमले गेले. पण ठाण्यातल्या किंवा नेरूळच्या सामान्य माणसाला ते कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर बसतात हे सांगणारा फलक कुठल्या प्रभाग कार्यालयात आहे? ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल या तिन्ही महापालिकांनी कस्टोडियनचे पद, खोली आणि वेळ प्रभाग कार्यालयांत लावावी आणि इच्छापत्र घेताना आवक क्रमांकाची पोच द्यावी. ठाणे आणि रायगडच्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी सेकंडरी बोर्डासाठी डॉक्टरांची यादी काढून, सुट्टीच्या दिवशीही उचलला जाईल अशा फोनसह, प्रत्येक आयसीयूत पाठवावी. आरोग्य खात्याने त्याआधी एका ओळीचे परिपत्रक काढून ‘मुख्य वैद्यकीय अधिकारी’ म्हणजे नेमके कोण, एवढे सांगितले तरी निम्मे काम होईल.

कळावे,
अतिदक्षता आणि उपशामक सेवेत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
ठाणे–नवी मुंबई
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत.)