शुक्रवारच्या सामन्यातला तो एक ब्लॉक

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, शुक्रवारी तुझ्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याहून परतताना, तुझा तो ब्लॉक (चेंडूवाल्यापासून समोरच्याला अंगाने अडवणे) नियमात बसतो की नाही यावर गाडीत आपले जे बोलणे झाले, ते अर्धवटच राहिले. तुझ्याशी इंग्रजीत वाद घातला की तू वकिलासारखा जिंकतोस आणि मी आरशात मागच्या गाड्या बघत बसतो. म्हणून हे मराठीत लिहितो आहे. रविवारच्या मराठी शाळेत काढलेली तुझी आठ वर्षे वाया गेली नसावीत, असे मी धरून चालतो. एखादे वाक्य अडलेच तर तेवढेच आईला विचार. सगळे पत्र तिच्या हाती देऊ नकोस, कारण तिने त्या ब्लॉकचा व्हिडिओ अजून पाहिलेला नाही.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे आणि तो मी किती वेळा पाहिला, हे सांगण्याजोगे नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुमच्या क्वार्टरबॅकने शॉटगनमधून, म्हणजे रांगेच्या काही यार्ड मागे उभे राहून, चेंडू घेऊन तो धावणाऱ्या रनिंग बॅकच्या हाती दिला, तू पुढच्या रांगेतली गार्डची जागा सोडून उजवीकडे पळालास, आणि बाजूच्या रेषेजवळ समोरच्या संघाचा जो कॉर्नरबॅक रनिंग बॅकला अडवायला धावत येत होता, त्याच्या गुडघ्यांवर तू स्वतःला झोकून दिलेस. त्या मुलाचे डोळे रनिंग बॅकवर होते. तू त्याला शेवटपर्यंत दिसलाच नाहीस. त्याचा डावा पाय टर्फमध्ये, त्या कृत्रिम गवतात, रोवलेला होता. तुझा खांदा बसला तेव्हा त्याच्या बुटाभोवतीचे काळे रबरी दाणे उडालेले दिसतात, बूट मात्र जागच्या जागी राहतो आणि वरचा गुडघा आत वळतो. तुमच्या संघाला 14 यार्ड मिळाले, सगळे प्रेक्षक उभे राहिले, आणि त्या व्हिडिओत सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस मी आहे. पुढे दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो मुलगा लंगडत बाहेर गेला, तो पुन्हा आत आला नाही.

पंचाने दंडाचा फ्लॅग टाकला नाही म्हणजे फाउल झालाच नाही, असे तू म्हणालास. मैदानावर बावीस मुले असतात, पंच मोजके असतात, आणि त्या क्षणी तुझ्या बाजूचा पंच चेंडूमागे धावत होता. त्याने पाहिले नाही, एवढेच फ्लॅग न पडण्यावरून सिद्ध होते. तुमचे सामने ज्या एनएफएचएसच्या (हायस्कूलच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी खेळले जातात, ते मी शनिवारी पुन्हा नीट वाचून काढले. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो त्या, जागेपासून दोन्ही अंगांना 4 यार्ड आणि दोन्ही संघ जिथे समोरासमोर उभे राहतात त्या लाइन ऑफ स्क्रिमेजच्या दोन्ही बाजूंना 3 यार्ड, एवढ्याच चौकटीत कमरेखाली ब्लॉक करण्याची मुभा आहे. तीही स्नॅपच्या वेळी लाइनवर आणि त्या चौकटीत असलेल्या खेळाडूने, तशाच दुसऱ्या खेळाडूला करावयाच्या ब्लॉकपुरती. चेंडू चौकटीबाहेर गेला की ती मुभा संपते. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक 3 यार्डांच्या मागेच उभा असल्याने चेंडू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बाहेर पडलेला असतो. 2021 पासून नियमात स्पष्टच घातले आहे की असा ब्लॉक स्नॅप होताक्षणीची पहिलीच हालचाल असली पाहिजे. त्याआधी 2016 मध्ये याच चौकटीत मागून कमरेखाली ब्लॉक करण्याची जी सवलत होती, तीही काढून टाकली गेली. म्हणजे ही मुभा दर काही वर्षांनी आकसतेच आहे, आणि तिचा तुझ्या त्या ब्लॉकशी काडीचाही संबंध नाही: तो मुलगा लाइनवर नव्हता, जागा चौकटीबाहेरची होती आणि स्नॅप होऊन तीन सेकंद उलटले होते. पंचाला दिसले असते तर 15 यार्डांचा दंड बसून मिळवलेले 14 यार्डही गेले असते.

तुझे दुसरे म्हणणे असे की, लहान चणीच्या लाइनमनने आपल्याहून साठ-सत्तर पौंडांनी जड माणसाला थांबवायचे तरी कसे. ते मला पटते. समोरच्या संघाचा डोंगराएवढा टॅकल पुढ्यात उभा असताना खाली वाकून त्याचे पाय अडवणे हे दुबळ्याचे शस्त्र आहे, आणि त्या चौकटीत, समोरासमोर, दोघांनाही ठाऊक असताना ते वापरले तर मी काही बोलणार नाही. परंतु शुक्रवारी तू ज्याला पाडलेस, तो मुलगा तुझ्याहून निदान तीस पौंडांनी हलका होता. छातीवर दोन्ही हात टेकवून तू त्याच्या वाटेत नुसता आडवा उभा राहिला असतास, तरी तो तुला ओलांडून पुढे गेला नसता.

गणपतीच्या पूजेला मी पाटावर न बसता स्टुलावर का बसतो, याची तू लहानपणी नक्कल करायचास. 1997 साली सांगलीत कॉलेजच्या संघातून मी कबड्डी खेळत होतो. घोट्यात पकड बसली, सुटण्यासाठी मी रोवलेल्या पायावर गर्रकन वळलो आणि गुडघ्याच्या आत काहीतरी तटकन तुटले. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले, म्हणून पंधरा दिवसांनी मी पुन्हा चढाईला गेलो. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटला होता, हे मला कित्येक वर्षांनी इथे एमआरआय काढल्यावर समजले. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या मधोमध बांधून ठेवणारा तो दोर एकदा पुरता तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. दुसरीकडचा स्नायूबंध घेऊन नवा बसवावा लागतो आणि मैदानावर परतायला नऊ महिने, कधी वर्षही लागते. अकरावीतल्या मुलाचे वर्ष म्हणजे काय, हे मी तुला सांगण्याची गरज नाही.

आणि कबड्डीत पाय पकडणे नियमाला धरूनच असते. चढाई करणारा पाय पुढे टाकतो, तोच मुळी समोरचे सातजण त्या पायावर टपून आहेत हे जाणून; त्याची नजर त्यांच्यावरून क्षणभरही हटत नाही. तुझ्या त्या कॉर्नरबॅकला ही संधी मिळाली नाही. शुक्रवारपासून माझ्या मनात घोळते आहे ते एवढेच.

तुझ्या मानेचेही बोलतो, कारण व्हिडिओत तुझे डोके खाली आहे. गुडघ्यावर झेप घेताना नजर जमिनीकडे जाते, मानेची नैसर्गिक कमान सरळ होते आणि हेल्मेटच्या टाळूवर बसलेला धक्का थेट मणक्यांवर येतो. हेल्मेट पुढे करून धडकण्यावर 1976 मध्ये शाळांत आणि कॉलेजांत बंदी आली, त्यानंतर मान मोडून अंग लुळे पडण्याच्या घटना झपाट्याने कमी झाल्या. ज्या सवयीमुळे मुले खुर्चीला खिळली, त्या सवयीच्या तू शुक्रवारी वीतभर अंतरावर होतास. त्याचा गुडघा ज्या जागी होता तिथे तुझा खांदा लागला; त्याऐवजी डोकेही लागू शकले असते.

उद्या सरावाआधी तो व्हिडिओ तू स्वतः कोचला दाखवावास, असे मला वाटते. मी सोबत येणार नाही, फोनही करणार नाही. तो मुलगा कसा आहे, याची त्यांच्यामार्फत चौकशी कर. त्याला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर त्या इंग्रजीत लिही आणि मला दाखवू नकोस. कोच कदाचित पुढच्या सामन्यात तुला बाहेर बसवतील. आपण त्या सामन्याला जाऊ, मी जागा धरून ठेवीन आणि या वेळी तोंड बंद ठेवीन.

व्हिडिओ तुझ्या फोनवर पाठवला आहे. बूट गॅरेजमध्ये झटकून ठेव. ते काळे दाणे अजूनही गाडीच्या मॅटवर सापडताहेत.

तुझा,
बाबा