त्या कमानी वेलासाठी नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्या गावात सकाळच्या एसटीने येतो आणि पानठेल्यावर चार हातांतून फिरत माझ्याकडे पोहोचेपर्यंत दुपार होते. परवाच्या रविवार पुरवणीत पाण्यावरच्या घरांवर पानभर लेख होता. चांगला होता. पण शेवटच्या फोटोखाली ही ओळ होती: इंग्लंडमधल्या एका खाडीत मासेमारीच्या जुन्या बोटीत थाटलेले घर, मागच्या डेकवर वेल चढवण्यासाठी बसवलेल्या लोखंडी कमानी. ती वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

ती मासेमारीची बोट नाही. टग आहे, म्हणजे मोठ्या जहाजांना दोराने ओढणारी छोटी पण दणकट बोट.

हे सांगणारा मी कोण, तेही सांगतो. पवनी तालुक्यातल्या ढिवराच्या घरचा पोरगा. वैनगंगेत डोंगा हाकत वाढलो, 1974 साली मुंबईच्या गोदीत टगवर खलाशी म्हणून लागलो आणि 2009 साली सारंग, म्हणजे टगचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. जुने गाव गोसीखुर्दच्या बुडीतात गेले. आता पुनर्वसनातल्या घरात राहतो. इथून पाणी दिसते, टग काही दिसत नाही. म्हणून तो फोटो मी जरा जास्तच वेळ पाहिला.

नातीने मोबाइलवर पुरवणी उघडून फोटो मोठा करून दिला. तीच म्हणाली, "आजा, कमानी तर लग्नाच्या मांडवासारख्याच दिसतात ना." दिसतात खऱ्या. डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेल्या तीन जाड लोखंडी कमानी, त्यांवर आता बोगनवेल आणि एक ओला टॉवेल. पण त्यांचे काम वेगळे. टग मोठे जहाज ओढते तेव्हा दोर एका जागी राहत नाही, मागच्या डेकवरून डावीकडून उजवीकडे झाडूसारखा फिरतो. मधे झाकण, हवेचा पाइप किंवा माणसाचे डोके आले तर संपलेच. म्हणून दोर वरच्यावर सरकावा यासाठी त्या कमानी असतात. मधल्या कमानीची वरची बाजू फोटोत नीट पाहा, पाट्याच्या मधल्या भागासारखी घासून गुळगुळीत झाली आहे. वेलाने लोखंड असे घासत नाही.

दुसरी खूण म्हणजे हुक. मालकाने मागे लाकडी खोली बांधली आहे, पण खोलीच्या दाराबाहेर, बोटीच्या साधारण मध्यावर, लोखंडाचा जाड आकडा अजून शाबूत आहे. त्याला कुंडी टांगली आहे. लोकांना वाटते की ओढायचे तर हुक अगदी शेवटी हवा. आपण बंडीला बैल जुंपतो तेव्हा जू खांद्यावर ठेवतो, शेपटीला बांधत नाही. टगचेही तसेच. दोर शेवटी बांधला तर मागचा भाग जखडतो आणि सुकाणू कितीही फिरवा, टग वळत नाही. हुक मध्याजवळ असला की शेपूट मोकळी राहते.

त्यात धोकाही आहे. ओढले जाणारे जहाज पुढे सरकले आणि दोर आडवा आला, तर टग कुशीवर झोपते. मुंबईच्या इंदिरा डॉकच्या लॉकचे, म्हणजे गोदीत शिरायच्या दरवाजाचे, तोंड शंभर फूट रुंद. एका रात्री तिथे आमच्यावर ही पाळी आली होती. दोर आडवा ताणला गेला, उजव्या कडेवरून पाणी डेकवर चढले, खालून इंजिन ड्रायव्हर शिव्या घालत वर आला. त्या वेळचे आमचे सारंग एवढेच ओरडले, "मार!" मी हुकाच्या खिटीवर घण घातला. हुक उघडला, दोर सुटून पाण्यात गेला आणि टग उलट बाजूला एवढी झुलली की मी कमानीला मिठी मारली. तशाच कमानीला, जशा कमानीवर आपल्या फोटोत टॉवेल वाळतो आहे.

बाकी खुणा लवकर सांगतो. पुढचा भाग उंच आणि मागचा अगदी पाण्यालगत. अंगाभोवती जाड पट्टा, कारण टगला दिवसभर दुसऱ्याच्या अंगाला अंग घासायचे असते. मासळी ठेवायचा मोठा खण कुठेच नाही, पोटातली सगळी जागा इंजिनाची.

आता त्याहून मजेची गोष्ट. फोटो ओहोटीचा आहे, बोट चिखलात टेकली आहे, त्यामुळे पाण्याखालचे अंगही दिसते. त्यात गोलाई जवळजवळ नाही. सपाट पत्रे कोन करून जोडले आहेत, एखाद्या पेटीसारखे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला बंदरांसाठी घाईने टग हव्या होत्या आणि जहाज बांधणारे कारखाने आधीच भरलेले. तेव्हा टगचे आठ तुकडे करून ते समुद्राशी संबंध नसलेल्या, आतल्या भागातल्या लोखंडी कारखान्यांत बनवले, रस्त्याने पाण्याकाठी आणले आणि तिथे वेल्डिंगने जोडले. लांबी 74 फूट. 1943 ते 1946 या काळात अशा 182 टग झाल्या. त्यांना टीआयडी म्हणत आणि नावाऐवजी नंबरच असे. आत 220 अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन. आजच्या बंदरातल्या टगला काही हजार अश्वशक्ती लागते. आपल्या फोटोतली बोट याच घराण्यातली असावी असे तिची ठेवण पाहून मला वाटते.

घराण्यातली नेमकी कोणती, हे फोटोवरून कळायचे नाही, हात लावावा लागेल. ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाचा सरकारी नंबर आणि टनभार मुख्य तुळईवर कोरलेला असतो. खोलीचे लाकडी अस्तर थोडे काढून टॉर्च मारली तर रंगाच्या थराखाली तो सापडू शकतो. पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना तळहात फिरवावा. रंगाऱ्याची रेघ चुकू नये म्हणून नावाची अक्षरे बरेचदा वेल्डिंगच्या उंचवट्याने काढलेली असतात. मालक बदलला की नाव रंगाने झाकतात, घासून काढायचे कष्ट कोणी घेत नाही.

हे मला मुंबईतल्या दारूखान्यात, जुनी जहाजे तोडत त्या जागी, कळले. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कामाला मुंबईला गेलो होतो, सहज तिकडे वळलो. गॅस कटरने कापलेल्या पत्र्यांचा ढीग होता. एक पत्रा उलटा पडला होता, त्यावर हात फिरवला तर बोटांना अक्षरे लागली. डोळे मिटूनही वाचता आली असती, कारण त्याच टगवर माझी नऊ वर्षे गेली होती. पत्रा किलोच्या भावाने निघाला होता. इंग्लंडातल्या त्या माणसाने टगमध्ये चूल मांडली, कुंड्या टांगल्या, तर मला त्याचा रागबिग नाही, उलट हेवाच वाटतो.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या रविवारी फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी. आपल्या लेखकाची त्या मालकाशी ओळख असेल, तर त्याला तुळईवरचा नंबर पाहायला सांगावे आणि मिळाला तर छापावा. पुढचा शोध माझी नात मोबाइलवर घेईल, ती मागेच लागली आहे. बोगनवेल मात्र काढू नये म्हणावे. एवढी जहाजे ओढलेल्या कमानी आहेत, वेलाचे काय ओझे त्यांना.

आपला,
एक निवृत्त टग सारंग
ता. पवनी, जि. भंडारा